बिडाची रिंग, बिडाचा लायनर

१ जूनला मासेमारी बंद झाली की कोकणातल्या मिरकरवाड्यात, हर्णैला, देवगडला बोटींची इंजिनं खोलायला घेतात. हेड, म्हणजे वरचं झाकण, उतरलं की जाणता मिस्त्री आधी लायनरच्या (पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळकांड्याच्या) आत, वरच्या बाजूला नख फिरवतो. नख अडकलं की समजावं, खाच पडली. झीज तिथेच जास्त का? पिस्टन वर पोचून मागे फिरताना क्षणभर थांबतो. वेग गेला की पिस्टनभोवतीची रिंग आणि लायनर यांच्यामधला तेलाचा थर तुटतो, आणि डिझेल पेटल्याचा दाब व धगही नेमकी त्याच सुमारास अंगावर येते.

मग दोन्हीकडे सगळ्यात टणक धातू का लावू नये? कारण इथे धातूपेक्षा जोडी महत्त्वाची. क्रोम अतिशय टणक, पण क्रोमच्या लायनरमध्ये क्रोमची रिंग घातली तर दोघं एकमेकांना ओरबाडतात आणि इंजिन धरतं, म्हणजे जाम होतं. म्हणून क्रोमच्या रिंगेला बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, लायनर देतात.

बीड ठिसूळ असतं, हातोडा बसला की तडकतं. तरी या कामात त्याला तोड नाही, असं माझं ठाम मत आहे. करड्या बिडात साधारण ३ टक्के कार्बन असतो आणि त्यातला बराचसा ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात. पेन्सिलीच्या शिशात असतं तेच हे ग्राफाइट. घासताना ते स्वतःच वंगण होतं, आणि ते निघून गेलेल्या खळग्यांत तेल साठतं. १८५०च्या दशकात इंग्लंडमध्ये जॉन रॅम्सबॉटम यांनी वाफेच्या इंजिनासाठी एका जागी कापलेली, स्वतःच्या ताणाने भिंतीला टेकणारी धातूची रिंग आणली. त्यानंतर रिंगेवर क्रोम आणि मॉलिब्डेनमचे थर चढले, पोलादी रिंगाही आल्या. बीड मात्र अजून हटलेलं नाही.

लायनर आरशासारखा गुळगुळीत हवा, ही समजूतही सोडायला हवी. होनिंग करून, म्हणजे आतून घासदगड फिरवून, त्यावर तिरप्या रेघांची जाळी मुद्दाम पाडतात, कारण तेल धरून ठेवतात त्या रेघाच. जाळी पुसली गेली की इंजिन ऑइल खातं, निळा धूर सोडतं.

आपल्याकडे आणखी एक शत्रू आहे, खारी दमट हवा. उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हमधून ती आत शिरते आणि रिंग जिथे थांबली तिथे लायनरवर गंजाची रेघ उमटते. ऑगस्टमध्ये इंजिन सुरू केलं की तोच गंज सुटून रिंगा खरवडतो. नाखव्यांनी बंदीच्या दोन महिन्यांत सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडून इंजिन अधूनमधून हाताने फिरवत ठेवलं, तर हे टळतं.