प्रवाह, उपसा आणि नदीचे आरोग्य : एका संशोधनाची पार्श्वभूमी

नद्यांचा प्रवाह नियमितपणे मोजण्याची व्यवस्था नदीसाठी नव्हे, तर तिचे पाणी वापरणाऱ्यांसाठी उभी राहिली. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने १८८९ मध्ये न्यू मेक्सिकोतील एम्बुडो येथे रिओ ग्रान्दे नदीवर आपले पहिले प्रवाहमापन केंद्र सुरू केले. कोरड्या पश्चिम भागात सिंचनाला किती पाणी मिळू शकेल, हे ठरवणे हा त्यामागचा हेतू होता. पुढे अनेक दशके धरणे, कालवे आणि शहरांच्या पाणीयोजना अशाच नोंदींच्या आधारे आखल्या गेल्या आणि समुद्राला मिळणारे पाणी वाया जाते, अशी समजूत दृढ झाली. नदीतून किती पाणी काढता येईल हे आधी विचारले गेले. नदीला स्वतःला किती आणि कधी पाणी लागते, हा प्रश्न फार उशिरा पुढे आला.

तो पुढे आला तोही प्रामुख्याने माशांमुळे. धरणांखालच्या नद्यांतील ट्राउट आणि सामन घटू लागल्यावर मत्स्यशास्त्रज्ञांनी पात्रात निदान अमुक इतके पाणी ठेवा, अशी मागणी लावून धरली. इंग्लंड व वेल्समध्ये १९६३ च्या कायद्याने उपशासाठी परवाना आवश्यक केला आणि किमान प्रवाह ठरवण्याची तरतूदही केली. अमेरिकेत डोनाल्ड टेनंट यांनी तीन राज्यांतील ११ प्रवाहांच्या अभ्यासातून १९७६ मध्ये एक सोपे कोष्टक मांडले : वार्षिक सरासरी प्रवाहाच्या १० टक्के पाण्यात जलचर थोडा काळ कसेबसे तगतात, ३० टक्क्यांत त्यांना बरा अधिवास मिळतो आणि ६० टक्क्यांत उत्तम. नव्याने मोजमाप न करताही हे आकडे कोठेही लावता येत असल्याने ते जगभर पसरले. दुर्दैवाने, टेनंट यांनी केवळ तग धरण्यापुरती मानलेली १० टक्क्यांची पातळी अनेक ठिकाणी नदीचा पुरेसा वाटा म्हणून स्वीकारली गेली.

किमान प्रवाहाच्या कल्पनेतील खरी उणीव १९९० च्या दशकात नेमकेपणाने मांडली गेली. नद्यांचे अभ्यासक ब्रायन रिक्टर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रवाहातील बदल मोजण्याचे निर्देशांक सुचवले आणि परिसंस्थाशास्त्रज्ञ लेरॉय पॉफ व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये नैसर्गिक प्रवाहक्रमाची, म्हणजे नदीच्या प्रवाहातील स्वाभाविक चढउतारांची, संकल्पना विस्ताराने मांडली. प्रवाहाचे प्रमाण, वारंवारता, कालावधी, वेळ आणि बदलाचा वेग ही पाचही अंगे नदीचे जीवन घडवतात, असे त्यांचे म्हणणे होते. लहान पूर तळाच्या दगडगोट्यांमध्ये साचलेला बारीक गाळ धुऊन काढतात आणि त्या गोट्यांत मासे अंडी घालतात. मोठे पूर काठावरची पूरमैदाने नदीशी जोडतात. पाणी चढू लागणे हाच काही जातींसाठी स्थलांतराचा इशारा असतो. उलट ऐन उन्हाळ्यात उपसा वाढला की आधी उथळ खळाळ उघडे पडतात आणि तेथील कीटक मरतात. मासे डोहांत कोंडले जातात, पाणी तापते, त्यात विरघळलेला प्राणवायू घटतो आणि तेवढेच सांडपाणी कमी पाण्यात अधिक घातक ठरते. म्हणून वर्षाच्या सरासरीत नगण्य भासणारा उपसाही चुकीच्या महिन्यात झाल्यास नदीला झेपत नाही. अशाच विचारातून १९९६ मध्ये कोलोरॅडो नदीवरील ग्लेन कॅन्यन धरणातून आठवडाभर सुमारे ४५,००० क्युसेकचा कृत्रिम पूर सोडण्यात आला. त्याने काठावरचे वाळूचे थर उंचावले. त्यांतील बरीचशी वाळू मात्र पुढे पुन्हा वाहून गेली.

विहिरींचा उपसा या चर्चेत उशिरा आला, हे विशेष खेदाचे आहे, कारण त्यामागचे तत्त्व भूजलशास्त्रज्ञ चार्ल्स थाइस यांनी १९४० मध्येच स्पष्ट केले होते. विहिरीतून काढलेले पाणी भूजलसाठ्यातील घट, वाढलेले पुनर्भरण किंवा झऱ्यांचा व नद्यांचा घटलेला प्रवाह यांतूनच येते. उन्हाळ्यात नदी वाहती ठेवणारे पाणी बहुतांशी भूजलाचे असते; पण विहीर दूर असेल तर परिणाम नदीपर्यंत पोहोचायला वर्षे, कधी दशकेही लागतात आणि पंप बंद केल्यावरही नदीची घट काही काळ वाढतच राहू शकते. कारण आणि परिणाम यांत एवढे अंतर पडल्याने पाण्याचे कायदे अनेक ठिकाणी नदी आणि विहीर यांना स्वतंत्र मानत राहिले.

दक्षिण आफ्रिकेने १९९८ च्या जलकायद्यात नदीच्या परिसंस्थेसाठी पाणी राखून ठेवणे बंधनकारक केले. भारतात गंगेच्या वरच्या टप्प्यासाठी २०१८ मध्ये ऋतूनुसार मासिक सरासरीच्या २० ते ३० टक्के प्रवाह ठरवण्यात आला. अमेरिकेतील मिशिगन राज्याने २००८ च्या कायद्यानुसार मोठ्या उपशांची आधीच छाननी सुरू केली : प्रवाहांचे आकार व तापमानानुसार गट पाडून, प्रत्येक गटात पाणी किती घटल्यावर मासे किती कमी होतात याच्या आलेखांवरून मर्यादा आखल्या. असे आलेख प्रत्येक प्रदेशाला स्वतंत्रपणे तयार करावे लागतात. पॉफ आणि ज्युली झिमरमन यांनी २०१० मध्ये तपासलेल्या १६५ शोधनिबंधांपैकी ९२ टक्क्यांत प्रवाह बदलल्यावर परिसंस्थेचे काही ना काही घटक ढासळल्याचे आढळले. पण सर्वत्र लागू पडेल असे संख्यात्मक सूत्र त्यांतून निघाले नाही. शिवाय प्रवाहाची नोंद असली तरी प्रत्यक्ष उपशाची अनेकदा नसते. परवान्यावर किती पाणी मंजूर आहे तेवढेच कळते आणि खरा उपसा संशोधकांना पिकांच्या क्षेत्रावरून किंवा पंपांच्या वीजवापरावरून अंदाजावा लागतो.