अमेरिकेतील फ्रान्सविरोधी भावना

अमेरिकेत फ्रान्सविषयी, तेथील राज्यकर्त्यांविषयी आणि एकूणच फ्रेंच माणसाविषयी अधूनमधून उसळून येणारा राग, अविश्वास व हेटाळणी. फ्रान्स हा अमेरिकेचा सर्वांत जुना मित्रदेश. दोघांत रीतसर पुकारलेले युद्ध आजवर एकदाही झालेले नाही. तरीही जर्मनी किंवा जपान या एकेकाळच्या शत्रूंच्या वाट्याला आज येत नाही अशी चेष्टा अमेरिकी राजकारणात फ्रान्सच्या वाट्याला येते. या भावनेच्या मुळाशी दोन गोष्टी आहेत: एकमेकांवर केलेल्या उपकारांचा कधीच न मिटलेला हिशेब, आणि मित्राने सल्ला द्यावा की हुकूम पाळावा याविषयीचे मतभेद. 1798 पासूनचे बहुतेक खटके यांपैकी एकीवरून किंवा दोन्हींवरून उडाले आहेत.

हिशेबाची सुरुवात फ्रान्सच्या बाजूने झाली. 6 फेब्रुवारी 1778 रोजी पॅरिसमध्ये झालेल्या तहाने फ्रान्स ब्रिटनविरुद्ध अमेरिकी वसाहतींच्या मदतीला उतरला. ऑक्टोबर 1781 मध्ये यॉर्कटाउनला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस शरण आला. त्याआधी अॅडमिरल द ग्रासच्या आरमाराने चेसापीक उपसागराचे तोंड रोखून धरले होते, आणि जमिनीवर वॉशिंग्टनच्या जोडीला रोशांबोची फ्रेंच फौज होती. खलाशी धरले तर या वेढ्यात अमेरिकनांपेक्षा फ्रेंचच जास्त होते. या खर्चाने आधीच खिळखिळ्या झालेल्या फ्रेंच तिजोरीचे कंबरडे मोडले.

पुढे 1793 मध्ये क्रांतिकारक फ्रान्सचे ब्रिटनशी युद्ध जुंपले, तेव्हा अमेरिकेने तटस्थता जाहीर केली. फ्रेंचांना ही कृतघ्नता वाटली आणि त्यांची जहाजे अमेरिकी व्यापारी गलबते पकडू लागली. तडजोडीसाठी 1797 मध्ये पॅरिसला गेलेल्या अमेरिकी दूतांकडे परराष्ट्रमंत्री तालेराँच्या माणसांनी बोलणी सुरू करण्यासाठीच लाच मागितली. ही बातमी फुटली आणि अमेरिकेत संतापाचा भडका उडाला. काँग्रेसने 1778 चे तह रद्द केले, आणि 1800 पर्यंत दोन्ही देशांची जहाजे न पुकारलेल्या युद्धात एकमेकांशी लढत राहिली. या प्रकरणातली एक गोष्ट आजही ओळखीची वाटते. सत्ताधारी फेडरलिस्ट पक्षाने फ्रान्सविरोधाचा उपयोग विरोधी नेता जेफरसन आणि त्याच्या अनुयायांना देशद्रोही ठरवण्यासाठी केला. परदेशावरचा राग घरच्या प्रतिस्पर्ध्यावर वळवण्याची ही पद्धत तेव्हापासून टिकली आहे.

एकोणिसाव्या शतकात संबंध निवळले. 1803 मध्ये नेपोलियनने लुइझियानाचा प्रचंड प्रदेश दीड कोटी डॉलरना विकला, 1886 मध्ये न्यूयॉर्कच्या बंदरात स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा उभा राहिला. पहिल्या महायुद्धात अमेरिकी फौज फ्रान्सच्या भूमीवर उतरली, तेव्हा 4 जुलै 1917 रोजी पॅरिसच्या पिकप्यू स्मशानभूमीत, अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात लढलेला फ्रेंच सेनानी लाफाएत याच्या कबरीपाशी कर्नल चार्ल्स स्टँटनने ‘लाफाएत, आम्ही आलो आहोत’ असे उद्गार काढले. जुने ऋण फेडले, ही भावना त्यात होती.

जून 1940 मधील पराभवाने हे चित्र पालटले. सहा आठवड्यांत फ्रान्स कोसळला, आणि ‘शरणागती पत्करणारा देश’ हा शिक्का त्याच्यावर कायमचा बसला. हा शिक्का अन्यायकारक आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्सचे 13 लाखांहून अधिक सैनिक मेले, अमेरिकेचे सुमारे 1 लाख 16 हजार. ज्या पिढीने वर्दँच्या लढाईतला नरसंहार पाहिला तिच्या देशाला भित्रे म्हणणे इतिहासाला धरून नाही. परंतु विनोदांना इतिहासाशी कर्तव्य नसते, आणि नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर कॉलव्हिल येथे दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स सोडवताना पडलेल्या 9 हजारांहून अधिक अमेरिकी सैनिकांच्या कबरी आहेत, ही वस्तुस्थिती प्रत्येक वादात पुढे येते.

फ्रेंचांना त्याच काळातली वेगळी आठवण आहे. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने जर्मनीशी जुळवून घेणाऱ्या व्हिशीच्या फ्रेंच सरकारकडे अॅडमिरल विल्यम लीहीला राजदूत म्हणून पाठवले आणि लंडनमधून लढा चालवणाऱ्या शार्ल द गॉलला मात्र शेवटपर्यंत दूर ठेवले. नॉर्मंडीच्या स्वारीची वेळ द गॉलला जेमतेम दोन दिवस आधी, 4 जून 1944 रोजी, चर्चिलने सांगितली. मुक्त झालेल्या भागात चालवण्यासाठी अमेरिकेने फ्रँकच्या नोटा स्वतःच छापून आणल्या होत्या. त्यांच्या मागच्या बाजूला फ्रान्सचा झेंडा होता, पण फ्रेंच प्रजासत्ताकाचे नाव कुठेही नव्हते. द गॉलने त्यांना खोटा पैसा म्हटले. त्याच्या हंगामी सरकारला अमेरिकेने रीतसर मान्यता दिली ती ऑक्टोबर 1944 मध्ये, पॅरिस मुक्त झाल्यानंतर दोन महिन्यांनी. मित्र आपल्याला सोडवायला आला, पण आपल्या घराचा कारभार आपल्या हाती द्यायला तयार नव्हता, हा सल फ्रेंच परराष्ट्रधोरणात पुढे कित्येक दशके राहिला.

1956 च्या सुएझ प्रकरणाने तो वाढला. ब्रिटन व फ्रान्सने इजिप्तवर केलेली चढाई अमेरिकी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरने आर्थिक दबाव आणून थांबवली. या एकाच माघारीतून दोन मित्रांनी उलटे धडे घेतले: ब्रिटनने यापुढे अमेरिकेला सोडून काही करायचे नाही असे ठरवले, तर फ्रान्सने अमेरिकेवर कधीही अवलंबून राहायचे नाही असे. 13 फेब्रुवारी 1960 रोजी सहारात फ्रान्सचा पहिला अणुस्फोट झाला. ज्याच्या हाती आपले संरक्षण, त्याच्या हाती आपले धोरण, असे आता राष्ट्राध्यक्ष झालेल्या द गॉलचे मत होते. मात्र तो अमेरिकेचा शत्रू कधीच नव्हता. ऑक्टोबर 1962 मध्ये क्यूबातील क्षेपणास्त्रांची छायाचित्रे घेऊन केनेडीचा दूत डीन ॲचिसन पॅरिसला पोहोचला, तेव्हा पुरावा पाहण्याआधीच द गॉलने केनेडीला पाठिंबा दिला.

7 मार्च 1966 रोजी त्याने राष्ट्राध्यक्ष जॉन्सनला पत्र पाठवून फ्रान्स नाटोच्या संयुक्त लष्करी रचनेतून बाहेर पडत असल्याचे कळवले. नाटोचा सभासद फ्रान्स राहिलाच, पण परकी तळ हलवण्यासाठी त्याने 1 एप्रिल 1967 ची मुदत दिली. नाटोचे मुख्यालय पॅरिसहून ब्रुसेल्सला गेले, लष्करी मुख्यालय बेल्जियममधील मॉन्स शहराजवळ. अमेरिकी परराष्ट्रमंत्री डीन रस्कने या वेळी द गॉलला विचारले, की या आदेशात फ्रेंच मातीत पुरलेले अमेरिकी सैनिकही येतात का? त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह येथील भाषणात द गॉलने व्हिएतनाममधून माघार घेण्याचा सल्ला अमेरिकेला दिला. फ्रान्सने हे युद्ध 1954 पर्यंत स्वतः लढून गमावले होते, त्यामुळे त्या सल्ल्याला अनुभवाचे वजन होते. वॉशिंग्टनमध्ये तो उपमर्द मानला गेला. एप्रिल 1986 मध्ये लिबियावर जाणाऱ्या अमेरिकी विमानांना फ्रान्सने आपल्या हद्दीतून जाऊ दिले नाही, तेव्हाही ब्रिटनहून निघालेल्या वैमानिकांना लांबचा वळसा पडल्याची चर्चा वर्तमानपत्रांत बरेच दिवस चालली.

या भावनेचा सर्वांत तीव्र उद्रेक 2003 मध्ये झाला, आणि तोही दीड वर्षापूर्वीच्या जिव्हाळ्यानंतर. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर ‘ल माँद’ या फ्रेंच दैनिकाने ‘आम्ही सारे अमेरिकन आहोत’ या मथळ्याचा अग्रलेख छापला होता आणि फ्रेंच सैनिक अफगाणिस्तानात गेले होते. इराककडे शस्त्रतपासणीची मागणी करणारा 1441 क्रमांकाचा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत नोव्हेंबर 2002 मध्ये एकमताने संमत झाला. त्यात फ्रान्सचेही मत होते. खरा वाद पुढे होता: तपासणीला वेळ द्यायचा, की ताबडतोब हल्ला करायचा. 14 फेब्रुवारी 2003 रोजी परराष्ट्रमंत्री दोमिनिक द व्हिलपँने सुरक्षा परिषदेत तपासणी चालू ठेवण्याची बाजू मांडली आणि सभागृहात एरवी न होणारा टाळ्यांचा गजर झाला. 10 मार्चला राष्ट्राध्यक्ष झाक शिराकने दूरचित्रवाणीवर सांगितले, की युद्धाला वाट करून देणाऱ्या नव्या ठरावावर फ्रान्स विरोधी मत देईल, म्हणजेच आपला नकाराधिकार वापरेल.

दुसऱ्याच दिवशी अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या उपाहारगृहांत ‘फ्रेंच फ्राइज’चे नाव ‘फ्रीडम फ्राइज’ करण्यात आले. नॉर्थ कॅरोलायनातील एका हॉटेलातून सुरू झालेली ही कल्पना वॉल्टर जोन्स आणि बॉब ने या प्रतिनिधींनी उचलली होती. लोकांनी फ्रेंच वाइन रस्त्यावर ओतली. ‘फ्रेंचेज’ हे नाव संस्थापकाच्या आडनावावरून आलेले असल्याने, आपली मोहरी अमेरिकीच आहे असा खुलासा त्या कंपनीला करावा लागला. फ्लोरिडाच्या एका प्रतिनिधीने फ्रान्स व बेल्जियममधील अमेरिकी सैनिकांचे अवशेष मायदेशी आणण्यासाठी विधेयक मांडले. रस्कने 1966 मध्ये विचारलेला प्रश्न आता कायद्याच्या मसुद्यात उतरला होता. गॅलपच्या पाहणीत फेब्रुवारी 2002 मध्ये 79 टक्के अमेरिकनांचे फ्रान्सविषयी मत अनुकूल होते. मार्च 2003 मध्ये ते 34 टक्क्यांवर आले.

युद्धाला जर्मनी आणि रशियाचाही विरोध होता. तरी सगळा राग फ्रान्सवर निघाला. नकाराधिकार हे एक कारण, नॉर्मंडीची आठवण हे दुसरे. तिसरे फारसे बोलले जात नाही. इटालियन, आयरिश किंवा पोलिश वंशाच्या मतदारांप्रमाणे संघटित फ्रेंच मतदार अमेरिकेत नाहीत, त्यामुळे फ्रान्सची टिंगल करणाऱ्या पुढाऱ्याला मतपेटीत काहीच किंमत मोजावी लागत नाही. शिवाय फ्रान्स म्हणजे उंची खाणेपिणे, नखरा आणि उच्चभ्रूपणा ही समजूत मनात असते. 2004 च्या निवडणुकीत फ्रेंच बोलता येणे हा राष्ट्राध्यक्षपदाचा डेमोक्रॅटिक उमेदवार जॉन केरीचा दोष ठरवला गेला, तो याच समजुतीमुळे.

इराकमध्ये सामूहिक संहाराच्या अस्त्रांचे साठे सापडले नाहीत. वॉल्टर जोन्स नंतर या युद्धाचा कडवा विरोधक झाला. आपल्या मतदारसंघातील लष्करी तळावरून गेलेल्या आणि मारल्या गेलेल्या सैनिकांची छायाचित्रे त्याने कार्यालयाबाहेर ओळीने लावली, त्यांच्या कुटुंबांना पत्रे लिहिली. मतपरिवर्तन इतक्या उघडपणे मान्य करणारे लोकप्रतिनिधी विरळा. उपाहारगृहातील जुने नाव 2006 मध्ये गाजावाजा न करता परत आले.

वरवरच्या या गदारोळाखाली कामकाज चालूच होते, हे विसरून चालणार नाही. सीआयए आणि फ्रेंच गुप्तचरांचे दहशतवादविरोधी केंद्र 2002 पासून पॅरिसमध्ये एकत्र काम करत होते, ते 2003 मध्येही थांबले नाही. मतभेद सांभाळून घेण्याचे एक उदाहरण महाराष्ट्रातही आहे. तारापूरच्या अमेरिकी बनावटीच्या अणुभट्ट्यांना इंधन देणे पोखरणच्या 1974 मधील अणुचाचणीनंतर आणि अणुनिर्यातीवर निर्बंध घालणाऱ्या 1978 च्या अमेरिकी कायद्यामुळे अमेरिकेला अशक्य झाले, तेव्हा 1982 मध्ये तिच्याच संमतीने ती जबाबदारी फ्रान्सने उचलली.

निकोला सार्कोझीच्या काळात, 2009 मध्ये, फ्रान्स नाटोच्या लष्करी रचनेत परतला. त्यानंतरचा मोठा खटका 15 सप्टेंबर 2021 चा. अमेरिका, ब्रिटन व ऑस्ट्रेलिया यांनी अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुड्यांचा करार जाहीर केला आणि ऑस्ट्रेलियाने फ्रान्सच्या नेव्हल ग्रुपशी ठरलेला 12 पाणबुड्यांचा सौदा मोडला. (मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या कलवरी वर्गाच्या पाणबुड्यांचा आराखडा याच कंपनीचा.) फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री ज्यां-इव्ह ल द्रियाँने या कृतीला पाठीत खुपसलेला सुरा म्हटले, आणि फ्रान्सने वॉशिंग्टनमधला आपला राजदूत इतिहासात प्रथमच परत बोलावला. चेसापीकच्या लढाईला 240 वर्षे झाल्याचा सोहळा त्याच आठवड्यात वॉशिंग्टनमधील फ्रेंच राजदूताच्या निवासस्थानी व्हायचा होता, तो रद्द झाला. ऑक्टोबरमध्ये रोम येथे राष्ट्राध्यक्ष बायडेनने ही हाताळणी बेंगरूळ झाल्याची कबुली दिली. जून 2022 मध्ये ऑस्ट्रेलियाने फ्रेंच कंपनीला सुमारे 55 कोटी 50 लाख युरोंची भरपाई देऊ केली. त्या डिसेंबरात बायडेनच्या कारकिर्दीतील पहिल्या राजकीय पाहुणचाराचा मान इमॅन्युएल माक्राँला मिळाला. त्याच भेटीत, अमेरिकी उद्योगांना मिळणारी नवी अनुदाने युरोपच्या मुळावर उठल्याची तक्रार त्याने वॉशिंग्टनमधील लोकप्रतिनिधींसमोर कडक शब्दांत मांडली.