मशीन धड आहे, अडलंय कार्ट्रिजपाशी

दुरुस्तीला येणाऱ्या काही प्रिंटरमध्ये बिघाड असा नसतोच. हेड साफ, रोलर ठीक, शाई भरलेली. पडद्यावर मात्र ‘कार्ट्रिज ओळखता येत नाही’ असं येतं आणि मशीन हटून बसतं. अडवते ती कार्ट्रिजच्या कडेला चिकटवलेली नखाएवढी चिप. कार्ट्रिज कोणत्या कंपनीचं, हे ती मशीनला सांगते. काल चालणारं कार्ट्रिज फर्मवेअर (मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट झाल्यावर आज चालेनासं होतं, तेही बहुधा यामुळेच.

चिपशिवाय छपाई होत नाही, असं मुळीच नाही. २०२२ च्या सुरुवातीला चिपांचा तुटवडा पडला, तेव्हा खुद्द कॅननने काही ऑफिस मशीनसाठी बिनचिपचे टोनर, म्हणजे भुकटीच्या शाईचे कार्ट्रिज, विकले आणि येणारी सूचना कशी बाजूला सारायची तेही ग्राहकांना सांगितलं!

कॉफी मशीनमध्येही हेच. क्युरिग या अमेरिकी कंपनीने २०१४ मध्ये फक्त मान्यता असलेले पॉड (एका कपापुरत्या कॉफीच्या डब्या) घेणारं मॉडेल काढलं. मशीन झाकणावरची खास शाई तपासायचं. लोकांनी वापरलेल्या पॉडचं झाकण कापून दुसऱ्या कंपनीच्या पॉडवर ठेवलं आणि कॉफी काढली.

एअर प्युरिफायरचा ‘फिल्टर बदला’ दिवा बऱ्याच मॉडेलमध्ये फिल्टर किती मळलाय हे बघत नाही, नुसते तास मोजतो. दिवा लागला की आधी फिल्टर काढून डोळ्यांनी पाहा. बाहेरची जाळी साफ करता येते. आतला हेपा फिल्टर (अगदी बारीक कण अडवणारा) मात्र, धुता येतो असं स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर पाण्याखाली धरू नका.

बाहेरचा माल सगळीकडे चालतो, असं आम्ही म्हणणार नाही. शाई हलकी निघाली तर फार तर पान फिकट येईल, हेड चोंदेल. पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरमध्ये ही जोखीम घेऊ नका. हेपाचंही तसंच: कडेची पट्टी घट्ट बसली नाही, तर हवा फिल्टरला वळसा घालून निघून जाते.

नवं मशीन घेताना त्याच्या किमतीआधी कार्ट्रिजची किंमत विचारा आणि त्यात किती पानं निघतात तेही. मशीनसोबत येणारं कार्ट्रिज पुष्कळदा कमी भरलेलं असतं, त्यावरून हिशेब करू नका. छपाई जास्त असेल तर बाटलीतून शाई भरायचा टाकीवाला प्रिंटर बघा.

आणि दुरुस्तीला येताना जुनं कार्ट्रिज टाकून देऊ नका, सोबत आणा. कधीकधी त्याच्यावरची चिपच कामाला येते.