मधुमेहातील धडधड: मज्जातंतूंचा बिघाड की हृदयाच्या तालाचा?

अनेक वर्षे मधुमेह असलेली व्यक्ती छातीत धडधडते अशी तक्रार घेऊन डॉक्टरांकडे जाते, तेव्हा त्या एका तक्रारीमागे दोन अगदी वेगळे विकार असू शकतात. पहिल्यात हृदयाची गती सांभाळणारे स्वायत्त, म्हणजे आपल्या इच्छेशिवाय आपोआप काम करणारे, मज्जातंतू झिजलेले असतात; त्याला कार्डिॲक ऑटोनॉमिक न्यूरोपॅथी म्हणतात. दुसऱ्यात हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधील विद्युत् संदेशांची घडी विस्कटते. तो विकार म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. दोन्हींत नाडी जलद चालू शकते, थकवा येतो, चालताना दम लागतो, चक्कर येते. दोन्ही विकार कोणतेही लक्षण न दाखवता वर्षानुवर्षे राहू शकतात, त्यामुळे त्यांची गल्लत होणे स्वाभाविक आहे. मात्र पहिल्यात नाडी अवाजवी एकसारखी होते आणि दुसऱ्यात ती पुरती अनियमित होते. नाडी एकसारखी लागते म्हणजे हृदय ठणठणीत आहे, हा सर्रास आढळणारा समज मधुमेहात घातक ठरू शकतो.

हृदयाचा ठोका मुळात हृदयातच उत्पन्न होतो. उजव्या अलिंदातील, म्हणजे वरच्या उजव्या कप्प्यातील, सायनस नोड हा छोटा पेशीसमूह आपला आपण विद्युत् संदेश निर्माण करतो, आणि मज्जातंतूंचा सगळा प्रभाव काढून टाकला तर तरुण माणसात त्याची स्वतःची गती मिनिटाला साधारण 100 ठोके असते. आराम करताना नाडी 60 ते 80च्या दरम्यान राहते, कारण शरीराला शांत ठेवणाऱ्या परानुकंपी संस्थेचा व्हेगस हा मज्जातंतू त्या गतीचा लगाम सतत खेचून धरतो. मेंदूतून थेट निघणाऱ्या मज्जातंतूंपैकी व्हेगस सर्वांत लांब आहे, आणि वाढलेल्या साखरेचा घाव सामान्यतः लांब तंतूंवर आधी बसतो. पायांच्या बोटांना मुंग्या येणे किंवा बधिरपणा जाणवणे हे मधुमेही न्यूरोपॅथीचे पहिले लक्षण असते, ते याच कारणाने. साखरेचे पेशींतील दुष्परिणाम आणि मज्जातंतूंना रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांचे नुकसान, असे दोन्ही घाव येथे एकत्र काम करतात.

व्हेगसची पकड सैल झाली, की हृदयाला वेग देणारी अनुकंपी बाजू वरचढ ठरते आणि स्वस्थ पडून असतानाही नाडी 90 ते 100च्या वर राहू लागते. क्वचित ती 130पर्यंतही जाते. पुढे अनुकंपी तंतूही झिजले, की वेग थोडा खाली येतो, पण नाडी एका ठरावीक आकड्यापाशी जवळजवळ अडकून बसते. जिना चढताना ती पुरेशी वाढत नाही, रात्री झोपेत पुरेशी उतरत नाही. अंथरुणातून उठून उभे राहिल्यावर पायांतील रक्तवाहिन्या वेळेवर आकुंचन पावत नाहीत, म्हणून वरचा रक्तदाब 20 किंवा त्याहून अधिक अंकांनी घसरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. हृदयाकडून वेदनेचा संदेश नेणारे तंतूही बधिर झालेले असल्यामुळे काही रुग्णांना हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताच येतो. नुसता घाम, अचानक आलेला दम किंवा मळमळ एवढेच दिसते. या विकाराची मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती येथे, कारण माणसाला दवाखान्यात धावायला लावणारी कळच नाहीशी झालेली असते.

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये बिघाड खुद्द हृदयाच्या स्नायूत असतो. मधुमेहाबरोबर अनेकदा येणारा उच्च रक्तदाब, लठ्ठपणा आणि झोपेत श्वास अडकण्याचा आजार यांनी अलिंदे ताणली जातात. साखरेमुळे होणारे रासायनिक बदल आणि दीर्घकाळचा सूक्ष्म दाह यांनी त्यांच्या भिंतींत तंतुमय ऊती साठतात, आणि मग सायनस नोडचा एकच सुबक संदेश पसरण्याऐवजी मिनिटाला 350 ते 600 वेडेवाकडे संदेश अलिंदांत फिरत राहतात. वरच्या व खालच्या कप्प्यांना जोडणाऱ्या मधल्या एव्ही नोडमधून त्यांतले काहीच निलयांपर्यंत, म्हणजे खालच्या कप्प्यांपर्यंत, पोहोचतात, तेही कोणत्याही क्रमाशिवाय. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील प्रदीर्घ अभ्यासात, इतर कारणे हिशोबात धरूनही, मधुमेही पुरुषांत या विकाराची शक्यता सुमारे 1.4 पट आणि स्त्रियांत 1.6 पट आढळली होती.

ईसीजीच्या कागदावर हा फरक डोळ्यांनी दिसतो. कागद नेहमीच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला 25 मिलिमीटर या गतीने सरकतो, आणि दोन उंच टोकांमधले अंतर मोजून 1500ला त्या मिलिमीटरने भागले की मिनिटाची गती मिळते. समजा, निरोगी माणसाला पाच सेकंद श्वास आत आणि पाच सेकंद बाहेर, असा मिनिटाला सहा वेळा संथ श्वास घ्यायला सांगितले. श्वास आत घेताना टोकांतले अंतर 18 मिलिमीटर, म्हणजे गती 83, आणि सोडताना 23 मिलिमीटर, म्हणजे गती 65, फरक 18चा. श्वासाबरोबर होणारी ही चढउतार व्हेगस शाबूत असल्याची खूण आहे. न्यूरोपॅथी झालेल्या रुग्णात हेच अंतर आत घेताना 15 आणि सोडताना साडेपंधरा मिलिमीटर भरेल, म्हणजे 100 आणि 97. पट्टी पाहणाऱ्याला ती अतिशय नीटनेटकी वाटेल, आणि तोच तिचा दोष आहे. एट्रियल फिब्रिलेशनच्या पट्टीवर लागोपाठची अंतरे 11, 23, 14, 19 अशी कशीही येतात, आणि प्रत्येक टोकाआधी दिसणारी पी ही छोटी लाट गायब असते.

श्वासाची ही चाचणी एडिनबरा येथील डेव्हिड युइंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 व 1980च्या दशकांत रूढ केलेल्या पाच चाचण्यांपैकी एक आहे. त्यांच्या मापानुसार फरक 15 किंवा अधिक असेल तर सामान्य आणि 10 किंवा कमी असेल तर बिघडलेला मानतात. वयाबरोबर हा फरक आपोआप घटतो, म्हणून वयस्कर व्यक्तीत वयानुसारचे निकष पाहावे लागतात. उरलेल्या चाचण्यांत उभे राहिल्यावर नाडी व रक्तदाब कसे बदलतात, दाब देऊन फुंकल्यावर आणि मूठ आवळून धरल्यावर काय होते, हे पाहिले जाते. त्यांना महागडी यंत्रे लागत नाहीत, आणि तरीही आपल्याकडे पायांच्या तपासणीच्या मानाने त्या फारच कमी केल्या जातात, याची खंत वाटते.

निदान वेगळे ठरले की पुढचा मार्गही वेगळा होतो. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये अलिंदे नीट आकुंचन पावत नसल्यामुळे तेथे रक्त साचून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत जाऊन पक्षाघात होऊ शकतो. पक्षाघाताचा धोका या विकारात सुमारे पाचपट होतो. धोका मोजण्याच्या प्रचलित गुणांकनात मधुमेहाला स्वतंत्र एक गुण आहे, म्हणून अशा बहुतेक मधुमेही रुग्णांना रक्त पातळ ठेवणारी एपिक्साबॅन किंवा वॉरफरिनसारखी औषधे द्यावी लागतात, आणि ॲस्पिरिन त्यांची जागा घेऊ शकत नाही. न्यूरोपॅथीमध्ये मात्र या औषधांचा काही उपयोग नाही. तेथे साखर काबूत ठेवणे, रक्तदाबाची औषधे उभे राहिल्यावरची घसरण पाहून बेतणे, आणि कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांना या विकाराची कल्पना देणे महत्त्वाचे असते. टाइप 1 मधुमेहाच्या रुग्णांवरील डीसीसीटी या मोठ्या अभ्यासाने 1993 साली दाखवून दिले, की साखरेवरील काटेकोर नियंत्रणाने मज्जातंतूंची हानी बऱ्याच अंशी टाळता येते. टाइप 2मध्ये साखरेइतकेच वजन, रक्तदाब आणि धूम्रपान यांकडे लक्ष द्यावे लागते. व्यायामाचा जोर नाडीच्या आकड्यावरून ठरवणेही न्यूरोपॅथीच्या रुग्णाने सोडावे, आणि चालताना बोलता येते का, हे पाहावे.

याशिवाय साखर एकदम खाली गेल्यावर येणारी धडधडही असते. ती अचानक येते, तिच्यासोबत घाम, थरथर आणि कडकडून भूक असते, आणि ग्लुकोज घेतल्यावर ती काही मिनिटांत ओसरते. ग्लुकोमीटरवर आकडा 70च्या खाली दिसला तर शंका उरत नाही. पण स्वायत्त तंतू झिजलेले असतील किंवा बीटा ब्लॉकर या नाडी मंदावणाऱ्या गटातील गोळी सुरू असेल, तर ही सूचनाच पुसट होते. ॲनिमिया, थायरॉइडचा विकार आणि दम्याची औषधे यांनीही नाडी वाढते, म्हणून आरामातली नाडी जलद असली की त्या शक्यता आधी तपासाव्या लागतात.

घरी मनगटावर बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट मोजलेली नाडी बरेच काही सांगते. मनगटावरची स्मार्ट घड्याळे आणि रक्तदाबाची काही घरगुती यंत्रे अनियमित ठोके ओळखून इशारा देतात, आणि एट्रियल फिब्रिलेशन लवकर सापडण्यास त्यांची मदतही होते. निदान पक्के करण्यासाठी ईसीजी लागतोच. न्यूरोपॅथीची नाडी मात्र त्यांना नियमितच दिसते, त्यामुळे अनियमित ठोक्यांचा इशारा आला नाही याचा अर्थ मज्जातंतू सुरक्षित आहेत, असा घेता येत नाही.

एकाच व्यक्तीत हे दोन्ही विकार असू शकतात, कारण स्वायत्त मज्जातंतूंचा असमतोल फिब्रिलेशनला पोषक ठरतो. अशा वेळी श्वासाची चाचणी निरुपयोगी होते, कारण तिच्यात मोजली जाणारी चढउतार सायनस नोडची असावी लागते, आणि फिब्रिलेशनमध्ये ठोके त्याच्या हुकमात नसतात; अंतरांतला मोठा फरक व्हेगस शाबूत असल्याचा खोटा दिलासा देऊ शकतो. मग डॉक्टरांच्या हाती प्रामुख्याने रक्तदाबाची तपासणी उरते. रुग्णाला निदान पाच मिनिटे आडवे ठेवून रक्तदाब मोजायचा आणि उभे केल्यावर पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला तो पुन्हा मोजायचा.