चेतनगुणोक्ती

निर्जीव वस्तू, निसर्ग किंवा एखादी अमूर्त कल्पना माणसासारखी वागते-बोलते असे वर्णन, म्हणजे चेतनगुणोक्ती. मराठी व्याकरणात हा अर्थालंकार मानतात. समीक्षेत ‘मानवीकरण’ हा शब्दही चालतो. ‘अजिंक्यताऱ्याने पहाटे धुक्याची घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली’ या वाक्यात डोंगराला थंडी वाजते आणि उठायचा कंटाळाही येतो.

‘नदी आई आहे’ हे रूपक. ‘नदी रुसली’ ही चेतनगुणोक्ती. इथे नदीला बाई म्हटलेले नाही, तिला बाईचे क्रियापद दिले आहे. म्हणून हा अलंकार ओळखताना नामापेक्षा क्रियापदाकडे पाहावे. ‘सारा गाव जमला’ मात्र यात बसत नाही. तिथे गाव म्हणजे गावकरी, ती लक्षणा, म्हणजे शब्दाचा मूळ अर्थ सोडून त्याच्याशी जोडलेला अर्थ घेणे.

संस्कृतात दंडी या काव्यशास्त्रकाराने ‘काव्यादर्शा’त समाधी नावाचा काव्यगुण सांगितला आहे. कुमुदे मिटतात, कमळे उघडतात, असे त्याचे उदाहरण. डोळ्यांची क्रिया फुलांवर ठेवलेली. पुढे यातला बराच भाग समासोक्ती अलंकाराने, म्हणजे एकाच्या वर्णनातून दुसऱ्याचे वागणे सुचवणाऱ्या अलंकाराने, व्यापला. ‘मेघदूता’त ढगाला निरोप्या करताना कालिदासाने आधीच सांगून टाकले आहे की, प्रेमाने व्याकूळ झालेल्याला चेतन-अचेतन असा भेद उरत नाही.

मराठीत हे काम अर्धेअधिक व्याकरणच करून ठेवते. प्रत्येक नामाला लिंग आहे, म्हणून पाऊस ‘तो’ आणि वीज ‘ती’ आधीपासूनच असते. शिवाय झोप ‘येते’, भूक ‘लागते’, कंटाळा ‘येतो’. माणूस वाक्यात ‘मला’ म्हणून बाजूला बसलेला असतो. याला कोणी अलंकार म्हणत नाही, पण अलंकाराला रान इथूनच मिळते.

खरी श्रीमंती शेताच्या बोलीत आहे. माण-खटाव किंवा जत-आटपाडीच्या दुष्काळी भागाकडे पाऊस नुसता थांबत नाही. तो ओढ देतो, दडी मारतो, हुलकावणी देतो. पुनर्वसूचा पाऊस तरणा, पुष्याचा म्हातारा, मघांचा सासूचा आणि पूर्वांचा सुनेचा. अख्खे कुटुंबच पंचांगात नांदते. काही शब्द वापरून इतके गुळगुळीत झाले आहेत की त्यांतला माणूस दिसेनासा झाला: डोंगराची सोंड (इथे तर हत्ती), करवतीचे दात, उसाचा डोळा (जिथून कोंब फुटतो ती जागा). कृष्णाकाठी ‘दोन डोळ्यांची कांडी’ लावणाऱ्याच्या मनात कोणाचीही नजर नसते. अशांना मृत चेतनगुणोक्ती म्हणता येईल, आणि शेतातल्या भाषेत त्या जिवंत असलेल्यांपेक्षा जास्त भरतील.

कृष्णेच्या बाबतीत मात्र ही व्याख्याच अडखळते. वाईच्या घाटांवर दरवर्षी कृष्णाबाईचा उत्सव होतो. सांगलीत महापुराच्या दिवसांत आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे ते लोक तासातासाला विचारतात. ४५ फूट ही धोक्याची पातळी सगळ्यांना पाठ असते. त्याच वेळी पुराच्या कडेला एखादी बाई खणानारळाने नदीची ओटी भरते आणि ‘माई, आता माघारी फिर’ म्हणते. व्याकरणाच्या पुस्तकाला ही चेतनगुणोक्ती वाटेल. पण अचेतनावर चेतनाचा आरोप ही अलंकाराची अट, आणि ही बाई नदीला अचेतन मानतच नाही. अलंकार दिसतो तो काठावरून ऐकणाऱ्याला.

महाबळेश्वरच्या स्थळकथेत तर प्रवास उलटा आहे: सावित्रीच्या शापाने विष्णू कृष्णा झाला, शंकर वेण्णा आणि ब्रह्मदेव कोयना, म्हणजे चेतनाचेच पाणी झाले. यांतली वेण्णा साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णेला मिळते. कोयना कराडला अगदी समोरून येऊन भिडते, आणि त्या जागेला लोक प्रीतिसंगम म्हणतात.