श्वानपुनर्वसन

श्वानपुनर्वसन : मारहाण, उपासमार, कायमची साखळी, झुंजी किंवा मालकाने टाकून देणे यांमुळे शरीराने व स्वभावाने खचलेल्या कुत्र्यांची सुटका करून, उपचार व संगोपन यांच्या साहाय्याने त्यांना पुन्हा माणसांत किंवा मूळ वस्तीत राहण्याजोगे करण्याची पद्धत. सुटकेला बोलीत ‘रेस्क्यू’ म्हणतात. पाळीव कुत्र्यांची नेहमीची निगा, जाती व प्रशिक्षण यांचा विचार या नोंदीत केलेला नाही.

पूर्वपीठिका : निराधार प्राण्यांना आसरा देण्याची प्रथा भारतात जुनी असली, तरी तिचा आरंभ निश्चित करणे कठीण आहे. अशोकाच्या दुसऱ्या गिरिलेखात माणसांच्या व पशूंच्या चिकित्सेची सोय केल्याचा आणि औषधी वनस्पती लावविल्याचा उल्लेख येतो. त्यावरून मौर्यकाळी पशुरुग्णालये होती, असे वारंवार लिहिले जाते. परंतु लेखात इमारतीचा वा संस्थेचा निर्देश नाही, कुत्र्यांचा तर नाहीच. कोकणातील सोपारा येथे मिळालेले तुकडे आठव्या व नवव्या गिरिलेखांचे आहेत. तेव्हा दुसऱ्या लेखाच्या आधारे ही परंपरा कोकणापर्यंत आणणे धाडसाचे ठरेल. यापेक्षा भरवशाचा पुरावा प्रवासवर्णनांचा आहे. १६२३ च्या सुमारास खंबायतेस आलेल्या पिएत्रो देल्ला व्हाल्ले या इटालियन प्रवाशाने तेथील पक्ष्यांच्या व इतर प्राण्यांच्या आश्रयस्थानांचे वर्णन केले आहे. गुजरातेतील पांजरपोळ (निराधार प्राण्यांचा आसरा) ही संस्था त्या वेळी रुळलेली होती, एवढे यावरून म्हणता येते. महाराष्ट्रात खंडोबा व दत्त यांच्या उपासनेत कुत्र्याला स्थान आहे, आणि पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची कथा सर्वांना ठाऊक आहे. पण या भावनेतून कुत्र्यांसाठी स्वतंत्र संस्था उभी राहिल्याचे दिसत नाही.

मुंबईतील १८३२ चा दंगा व पांजरपोळ : मुंबईत मोकाट कुत्री मारण्याचा नियम १८१३ पासून होता. वर्षातील ठरावीक काळापुरती ही मोहीम चाले व कुत्रे मारणाऱ्यास दर कुत्र्यामागे आठ आणे मिळत. बक्षिसाच्या लोभाने हे लोक घरांच्या आवारातून पाळीव कुत्रीही ओढून नेतात, अशी तक्रार असे. १८३२ मध्ये मोहिमेची मुदत वाढविण्यात आली. ६ जून रोजी, पारशांच्या एका पवित्र दिवशी, कोट (फोर्ट) भागात सुमारे दोनशे जणांच्या जमावाने दोन गोऱ्या शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिला आणि लष्कराकडे जाणारी रसद अडविली गेली. पारशांबरोबर हिंदू, जैन व काही मुसलमानही यात सामील होते. सैन्य आणून दंगा मोडण्यात आला.

दंग्याच्या कारणाबाबत मतभेद आहेत. जुन्या लेखनात तो धार्मिक क्षोभ म्हणून सांगितला जातो, आणि त्याला आधारही आहे. जरथुश्त्री अंत्यविधीत प्रेतावर कुत्र्याची दृष्टी पाडण्याचा ‘सगदीद’ हा विधी आवश्यक मानला जातो. वेंदिदाद या जरथुश्त्री धर्मग्रंथाच्या तेराव्या प्रकरणात कुत्र्याला वाईट अन्न घालणाऱ्यास शिक्षा सांगितली आहे. पंधराव्यात, व्यायला आलेली कुत्री ज्याच्या आवाराजवळ सापडेल, त्याने तिला पोसावे अशी आज्ञा आहे. टाकून दिलेल्या कुत्रीची जबाबदारी नेमकी कोणावर, या प्रश्नाचे एवढे स्पष्ट उत्तर आजच्या नियमावल्यांतही क्वचित सापडते. दुसरे मत असे की, धर्म हे निमित्त होते. खरा रोष घरात घुसणाऱ्या पोलिसी सत्तेवर आणि व्यापारी वर्गाला न विचारता घेतलेल्या निर्णयावर होता. जमाव अनेक धर्मांचा होता आणि हत्यार संपाचे होते, हे पाहता दुसऱ्या मताकडे अधिक वजन जाते.

१८३४ मध्ये जमशेटजी जीजीभॉय व मोतीचंद अमीचंद (मोतीशा शेट) यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरपोळ स्थापन झाला. तो दंग्याचेच फळ होय, असे सर्रास सांगितले जाते. दंग्याने निकड निर्माण केली हे खरे. मात्र संस्थेचा नमुना, तिला पैसा पुरविणारी व्यापारावरील लाग्यांची (पट्टीची) पद्धत व जैन-वैष्णव आश्रयदाते हे सारे गुजरातेत आधीपासून होते. म्हणून दंगा हे निमित्त आणि गुजराती पांजरपोळ हे मूळ, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. भुलेश्वरचा हा पांजरपोळ पुढे मुख्यतः गाईगुरांचाच झाला. पांजरपोळाची कल्पना प्राण्याला मरेपर्यंत सांभाळण्याची होती. बरे करून परत पाठविण्याची नव्हती.

संस्था व कायदा : दुसरा प्रवाह इंग्लंडमधून आला. प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्धची पहिली संस्था लंडनमध्ये १८२४ मध्ये निघाली. मेरी टील्बी यांनी १८६० मध्ये लंडनच्या हॉलोवे भागात हरवलेल्या व भुकेल्या कुत्र्यांसाठी निवारा काढला. १८७१ मध्ये तो बॅटरसी येथे गेला. कलकत्त्यात क्रूरताविरोधी संस्था १८६१ मध्ये व मुंबईत १८७४ मध्ये स्थापन झाली. दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळ येथे उभे राहिलेले बाई साकरबाई पशुरुग्णालय आणि त्याच आवारात १८८६ मध्ये सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय यांमुळे आसऱ्याला वैद्यकाची जोड मिळाली. नगरपालिका मात्र कुत्री मारतच राहिल्या. मुंबईत विजेचा धक्का देऊन मारण्याची पद्धत १९९४ मध्ये थांबली. निर्बीजीकरण करून कुत्रे जागेवर सोडण्याचा प्रयोग मद्रासच्या ‘ब्ल्यू क्रॉस’ या प्राणिकल्याण संस्थेने १९६० च्या दशकातच सुरू केला होता.

राज्यसभा सदस्य रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या खासगी विधेयकामुळे या विषयाला संसदेत चालना मिळाली व १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक अधिनियम आला. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या प्राणिकल्याण मंडळाच्या त्याच पहिल्या अध्यक्षा. या अधिनियमाखाली पहिल्या गुन्ह्यास १० ते ५० रुपये दंड आहे. रक्कम १९६० ची असून ती तशीच आहे. कुत्र्याला उपाशी डांबून ठेवणाऱ्यास ती एका वडापावाच्या गाडीवरील नाश्त्याइतकीही जड जात नाही. ठार मारणे, विष घालणे किंवा अपंग करणे यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

शारीरिक उपचार : सुटका झालेल्या कुत्र्याचे पहिले मूल्यमापन बहुधा नऊ अंकी शरीरस्थिती-मापनाने होते. १ म्हणजे दुरूनही फासळ्या, मणके व ओटीपोटाची हाडे दिसणारा हाडांचा सापळा. ४-५ म्हणजे योग्य. ९ म्हणजे अतिलठ्ठ. दीर्घ उपासमार झालेल्या कुत्र्याला पोटभर खाऊ घालणे ही नवख्यांकडून दयेपोटी होणारी चूक. एकाएकी पिष्टमय अन्न मिळाल्यास इन्शुलिन वाढते, त्याबरोबर रक्तातील फॉस्फरस, पोटॅशियम व मॅग्नेशियम पेशींत शिरतात आणि त्यांची रक्तातील पातळी कोसळते. स्नायू दुबळे पडणे, तांबड्या पेशी फुटणे, हृदयाची लय बिघडणे असे परिणाम संभवतात. कुत्रा उपाशी असताना जगतो आणि जेवल्यावर दगावतो. म्हणून विश्रांतीच्या अवस्थेत लागणारी ऊर्जा आधी काढतात : किलोग्रॅममधील वजनाचा ०.७५ वा घात गुणिले ७०. दहा किलोच्या कुत्र्यास हे सुमारे ३९० किलोकॅलरी येते. पहिल्या दिवशी त्याच्या चौथा ते तिसरा हिस्साच, तोही चार-सहा वेळा विभागून देतात आणि तीन-चार दिवसांत मात्रा पूर्ण करतात. दूधभात किंवा दूधबिस्किटे टाळतात. अतिशय खालावलेल्या कुत्र्याच्या बाबतीत ताटलीपेक्षा रक्ततपासणी आधी.

भारतीय रस्त्यांवरील कुत्र्यांत खरूज, गोचीडताप, पार्व्हो व डिस्टेंपर हे विषाणुजन्य रोग आणि समागमातून पसरणारी गाठ हे आजार नेहमी आढळतात. या गाठीवर विनक्रिस्टीन हे औषध आठवड्यातून एकदा, साधारण चार ते सहा वेळा शिरेतून देतात व बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. जखमेत अळ्या (खेड्यात आसाडी) पडल्यास सीताफळाच्या पाल्याचा रस किंवा टर्पेंटाइन ओतण्याची रीत आहे. अळ्या त्याने बाहेर येतात, पण टर्पेंटाइनने उघडे मांस भाजते. भोवतीचे केस काढून, चिमट्याने अळ्या वेचून, जखम धुऊन औषध भरणे बरे. पिल्लूपणी बांधलेला पट्टा वा दोरी न बदलल्याने वाढत्या मानेत रुतून बसते आणि वरून कातडी वाढते. अशा वेळी केसांत काही दिसत नाही, फक्त वास येतो. भूल देऊनच तो कापून काढावा लागतो.

स्वभावाचे पुनर्वसन : येथे जुन्या व नव्या मतांत मोठा फरक पडला आहे. १९६७ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात सेलिगमन व मायर यांनी काही कुत्र्यांना टाळता न येणारे विजेचे धक्के दिले. पुढे सुटकेची वाट मोकळी असूनही त्यांतील बरीच कुत्री जागची हलली नाहीत. यास ‘शिकलेली असहायता’ म्हटले गेले. कोपऱ्यात तोंड खुपसून बसणाऱ्या पीडित कुत्र्याचे स्पष्टीकरण आजही याच प्रयोगाने देतात, जरी तो प्रयोग हाच आजच्या व्याख्येप्रमाणे छळ ठरेल. मात्र २०१६ मध्ये याच दोघांनी मेंदूविषयक संशोधनाच्या आधारे आपला सिद्धांत उलटा केला : दीर्घ त्रासात निष्क्रिय होणे ही मूळ प्रतिक्रिया असून, शिकावे लागते ते परिस्थिती आपल्या हाती असल्याचे. व्यवहारात काम करणाऱ्यांचा अनुभव या नव्या मांडणीला जुळतो. ते कुत्र्याकडे पाठ वा कूस करून बसतात, डोळ्याला डोळा देत नाहीत, आणि खाऊ त्याच्या पुढ्यात न टाकता मागे टाकतात. म्हणजे खाण्यासाठी त्याला माणसाजवळ यावे लागत नाही. जवळ येणे, न येणे त्याच्याच मर्जीवर राहते.

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात २००७ मध्ये फुटबॉलपटू मायकेल व्हिक याच्या मालकीच्या जागेतून झुंजीची सुमारे पन्नास कुत्री जप्त झाली. अशी कुत्री तोवर पुरावा म्हणून ठेवून नंतर मारली जात. या वेळी न्यायालयाने प्रत्येक कुत्र्याची स्वतंत्र तपासणी मान्य केली, त्यांच्यासाठी पालक नेमला आणि व्हिककडून नऊ लाख डॉलरांहून अधिक खर्च वसूल केला. बावीस कुत्री यूटामधील कॅनॅब येथील आश्रयस्थानात गेली. बरीच पुढे घरांत रमली. अतिशय भित्र्या कुत्र्यांसाठी नॉर्थ कॅरोलायनात चालविल्या जाणाऱ्या केंद्राच्या अहवालात चारशेहून अधिक कुत्र्यांपैकी दहांत आठांहून जास्त दत्तक देण्याजोगी झाली. नव्या घरात तीन दिवस, तीन आठवडे व तीन महिने असे टप्पे सांगणारे सूत्र लोकप्रिय आहे. ते अनुभवाचा ठोकताळा म्हणून ठीक, प्रयोगसिद्ध नव्हे.

भारतातील स्थिती : पाश्चात्त्य देशांत पुनर्वसन म्हणजे दत्तक घर. भारतात बहुसंख्य कुत्री गल्लीची असल्याने ते बरे करून त्याच गल्लीत सोडण्यावर संपते. प्राणिजन्म नियंत्रणाच्या २००१ च्या व त्यांची जागा घेणाऱ्या २०२३ च्या नियमांनी निर्बीजीकरण व लसीकरणानंतर कुत्रा मूळ जागी सोडणे आवश्यक केले. ओळखीसाठी कानाला खाच पाडतात. दत्तक गेलीच तर पिल्ले जातात. प्रौढ गावठी कुत्र्याला, त्यातही काळ्या वा तीन पायांच्या, घर मिळणे अवघड. मालकाने सोडून दिलेले जातिवंत कुत्रे गल्लीत तगत नाही. त्याला ‘फोस्टर’ (तात्पुरते सांभाळणारे) घर लागते, आणि अशी घरे सर्वांत अपुरी आहेत. मुंबईत १९८५ पासून ‘वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज’ व पुण्यात २००७ पासून ‘रेस्क्यू’ ही संस्था हे काम करीत आहेत. गोव्यात ‘मिशन रेबीज’ व शासनाच्या लसीकरण मोहिमेनंतर २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले.

११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तीन न्यायाधीशांच्या पीठाने तो बदलून, रेबीज झालेली व आक्रमक कुत्री वगळता इतर निर्बीजीकरण व लसीकरणानंतर परत सोडण्यास आणि खाऊ घालण्यासाठी जागा ठरविण्यास सांगितले. नोव्हेंबरमधील आदेशाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारातील कुत्री मात्र तेथे परत सोडू नयेत असे ठरविले. ती ठेवायची कोठे, हा प्रश्न त्यामुळे स्थानिक स्वराज्य संस्थांकडे आला आहे.