शूटर ग्रेड लिव्हर ॲक्शन रायफल

शूटर ग्रेड म्हणजे अशी जुनी बंदूक जिच्यात आधीच्या कुठल्यातरी मालकाने बदल करून ठेवलेत, त्यामुळे संग्रह करणाऱ्यांच्या लेखी ती बाद, पण रेंजवर किंवा हरणाच्या शिकारीला वापरायला अजून ठणठणीत. शब्द अमेरिकेतल्या जुन्या बंदुकांच्या बाजारातला, आणि लिव्हर ॲक्शन रायफलींच्या बाबतीत तर तो सारखा ऐकू येतो. लिव्हर ॲक्शन म्हणजे चापाभोवतीची लोखंडी कडी खाली ढकलली की रिकामी केस (उडवलेल्या काडतुसाचं कवच) बाहेर उडते आणि परत वर ओढली की नवं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला ते उडतं त्या खोबणीत, जातं, काऊबॉय पिक्चरमध्ये दिसते तीच.

सगळ्यात जास्त हाताला लागते ती विंचेस्टर १८९४. जॉन ब्राउनिंगचं डिझाइन, २००६ मध्ये न्यू हेवनचा कारखाना बंद होईपर्यंत ७० लाखांच्या वर बनल्या. १८९५ साली तिच्यासाठी थर्टी-थर्टी हे काडतूस आलं, ३० कॅलिबरची (कॅलिबर म्हणजे नळीचं माप) गोळी आणि ३० ग्रेन (वजनाचं माप) बिनधुराची पावडर म्हणून ते नाव, आणि आजही अमेरिकेत हरणासाठी ते सर्रास वापरतात. जोडीला मार्लिन ३३६, जी १९४८ पासून, आणि सॅव्हेज ९९, जिच्यात नळीखालच्या ट्यूबऐवजी आत फिरणारं मॅगझिन असतं आणि जुन्या मॉडेलांत डाव्या बाजूला छोट्या खिडकीत किती काडतुसं उरली तो आकडा दिसतो (शंभर वर्षांपूर्वीची आयडिया, पण भारीच).

एवढे बदल कुणी आणि का केले? कारण तेव्हा या बंदुका अँटिक नव्हत्या, घरातलं एक हत्यार होत्या. नजर कमी झाली म्हणून पीप साइट (बारीक भोकातून नेम धरायची) लावली, पोराच्या मापाला दस्ता कापला, खांद्याला मार बसतो म्हणून लाल रबराचा पॅड, गंज दिसला म्हणून पुन्हा ब्लूइंग (लोखंडावरचा निळा-काळा मुलामा), पट्ट्यासाठी कड्या. जुन्या वाड्यात कुणीतरी मोझॅक टाइल्स बसवून घेतो ना तसंच, राहणाऱ्याची सोय झाली आणि वाडा जपणाऱ्याने कपाळावर हात मारला. विंचेस्टर ९४ ची तर आणखी एक अडचण, जुन्या मॉडेलांत केस सरळ वरून उडते, म्हणजे स्कोप मधोमध बसवताच येत नाही, मग लोकांनी रिसीव्हरला (बंदुकीचा मधला लोखंडी सांगाडा) बाजूने भोकं पाडून साइड माउंट लावले. मार्लिनची केस बाजूने पडते, त्यामुळे तिला हा त्रास नाही.

संग्राहकाला अशी दोन भोकंसुद्धा पुरतात, किंमत धाडकन खाली येते. गोळी मारणाऱ्याला त्या भोकांनी काही फरक पडत नाही, उलट पीप साइट आयती मिळते. त्यामुळे खरेदी करताना एकच गोष्ट बघायची, बदल दिसण्यात झालाय की जिथे स्फोट होतो तिथे. भोकं, पॅड, नवा दस्ता, घासून गुळगुळीत झालेली अक्षरं, हे सगळं चालतं, फक्त त्याचे पैसे संग्रहाच्या भावाने द्यायचे नाहीत. विकणारे हमखास प्री-सिक्स्टीफोर म्हणून भाव चढवतात. १९६४ मध्ये विंचेस्टरने खर्च वाचवायला आतले काही घडीव भाग काढून पत्र्याचे आणि पोकळ पिनांचे केले म्हणून त्याआधीच्या बंदुकीला मान, हे बरोबरच आहे, पण नळी कापलेली, पुन्हा पॉलिश मारलेली बंदूक प्री-सिक्स्टीफोर असली तरी तो मान उरत नाही. पुन्हा ब्लूइंग झालंय हे ओळखायला स्क्रूच्या भोकांच्या कडा बघाव्यात, बफिंगच्या चाकाखाली त्या बशीसारख्या खोलगट होतात आणि नळीवरचा शिक्का अर्धवट पुसट होतो.

नळी कापलेली बघून लोक लगेच नको म्हणतात, पण इथे जरा थांबावं. विंचेस्टर ९४ ची नळी मागून साफ करता येत नाही, रॉड तोंडातूनच घालावा लागतो, आणि वर्षानुवर्षं रॉड घासून नळीच्या तोंडाशी आतले पीळ (गोळीला फिरवणाऱ्या चऱ्या) झिजतात, नेमका नेम तिथेच बिघडतो. कुणी चांगल्या गनस्मिथकडून नळी दोन इंच कापून तोंड नीट करून घेतलं असेल तर ती बंदूक मूळच्यापेक्षा सरळ मारू शकते. हॅकसॉने घरी कापलेली असेल तर मात्र सोडून द्यावी. आणि नळी बंद बोल्टपासून (चेंबर मागून बंद करणारा भाग) तोंडापर्यंत मोजून घ्यायची, अमेरिकेच्या फेडरल कायद्यात रायफलीची नळी १६ इंचांच्या आत किंवा एकूण लांबी २६ इंचांच्या आत आली की प्रकरण १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टमध्ये जातं, रजिस्ट्रेशन नसेल तर थेट गुन्हा.

खरा धोका चेंबरमध्ये. हौशी लोकांनी चेंबर दुसऱ्या काडतुसासाठी मोठं करून घेतलं आणि नळीवरचा शिक्का जुनाच ठेवला, असे नग फिरत असतात. उडवलेली केस हातात घेऊन बघितली की कळतं, केसच्या खांद्याचा (जिथे ती तोंडाकडे अरुंद होते) उतार थर्टी-थर्टीसारखा हळूवार नसून एकदम टोकदार निघाला तर चेंबर बदललेलं आहे. नाहीतर चेंबरमध्ये सेरोसेफ नावाचा लवकर वितळणारा धातू ओतून साचा काढतात आणि मापतात. सगळ्यात वाईट जोडी म्हणजे जुनी .३८-५५ ची बंदूक आणि १९७८ मध्ये आलेलं .३७५ विंचेस्टर हे काडतूस, त्याची केस किंचित आखूड असल्याने ते जुन्या .३८-५५ मध्ये जाऊन बसतं, पण दाब कितीतरी जास्त, आणि ती जुनी बंदूक काळ्या पावडरच्या हिशोबाने बनलेली.

दुकानात हातात घेतल्यावर आधी ती रिकामी आहे ना ते बघायचं, चेंबर आणि मॅगझिन दोन्ही. मग घोडा अर्ध्यावर ठेवून चाप हलकेच दाबायचा, सुटला तर खाच झिजलेली. लिव्हर ढिली लोंबकळते का, डमी काडतुसं आत जातात आणि बाहेर पडतात का, दस्त्याला मागच्या टँगजवळ (रिसीव्हरची दस्त्यात शिरणारी पट्टी) तडा आहे का (सॅव्हेज ९९ मध्ये हमखास). नळीत खड्डे दिसले तर घाबरून जायचं कारण नाही, जुन्या काडतुसांच्या प्रायमरमधल्या (बुडाशी असलेली, ठोका बसला की पेटणारी टोपी) क्षारांनी ते होतात, पीळ शाबूत असतील तर मारते बऱ्यापैकी. हेडस्पेस (चेंबरमध्ये काडतुसाला मागेपुढे किती जागा उरते ते) मात्र गनस्मिथकडून गेजने तपासून घेतल्याशिवाय पहिली गोळी उडवू नये, त्याचे चार पैसे वाचवणारे लोक मला कधी कळलेच नाहीत.

ट्यूब मॅगझिन असेल तर टोकदार गोळ्या नाहीत, चपट्या नाकाच्याच, कारण आत एकाचं टोक पुढच्याच्या प्रायमरला टेकलेलं असतं. मऊ प्लास्टिक टोकाच्या खास गोळ्या हॉर्नडी बनवते, त्या चालतात.

कायद्याचं थोडं वेगळंच आहे. १८९८ पर्यंतची बंदूक फेडरल कायद्यात अँटिक. त्यानंतरची पण ५० वर्षांहून जुनी असेल तर क्युरिओ अँड रेलिक (संग्रहाची जुनी वस्तू) धरतात, पण ती मूळ रूपात असली तरच, म्हणजे बरेच बदल झालेल्या शूटर ग्रेडला ही सवलत धरून चालू नये, साध्या बंदुकीसारखी लायसनवाल्या डीलरकडे फॉर्म भरून, बॅकग्राउंड चेक करूनच घ्यावी. तिकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी महत्त्वाचं म्हणजे एच-वन-बीसारख्या व्हिसावर असताना बंदूक घेणं किंवा बाळगणं साधारणपणे बंद आहे, वैध हंटिंग लायसनसारखे थोडेच अपवाद, ग्रीन कार्ड असेल तर ही अट लागत नाही. राज्याचे नियम वर वेगळे.